जुनी वास्तू वाचवायची तर विकास नियम कसे वापरावेत: ठाणे आणि नवी मुंबईसाठी

टेंभी नाक्यावर किंवा नौपाड्यात एखाद्या जुन्या वाड्यासमोर पोकलेन येऊन उभा राहतो, तेव्हा शेजारीपाजारी धावाधाव करतात, फोटो काढतात, नगरसेवकाला फोन लावतात. त्या दिवशी करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. वास्तूचे भवितव्य त्याआधी काही वर्षे कागदावर ठरून गेलेले असते. विकास आराखड्यातल्या रस्त्याच्या रेषेत, वारसा यादीत नाव नसण्यात, धोकादायक इमारतींच्या यादीत नाव असण्यात किंवा क्लस्टरच्या, म्हणजे समूह पुनर्विकास योजनेच्या, हद्दीत ते ठरते. म्हणून हे काम गरज पडण्याआधी सुरू करायचे असते. कोणत्या कागदावर, कोणत्या मुदतीत आणि कोणाच्या नावे लिहायचे, ते नव्याने उतरणाऱ्यांसाठी इथे क्रमाने मांडले आहे.

आधी नियम कुठला ते ओळखा

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे, त्यामुळे मुंबईतल्या प्रकरणांचे दाखले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. यूडीसीपीआरच्या विशेष योजनांच्या प्रकरणात वारसा इमारती, वारसा परिसर आणि नैसर्गिक वैशिष्ट्ये यांच्या जतनाचा नियम आहे. तो आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ही तुमची मुख्य हत्यारे. या अधिनियमाचे कलम २२ विकास आराखड्यात ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद करायला सांगते. म्हणजे वारसा जतनाची मागणी महापालिकेकडे करताना तुम्ही कायद्यात लिहिलेले कामच करायला सांगत असता. अर्जाची भाषाही तशीच ठाम असू द्या.

नियमावलीत दुरुस्त्या होत राहतात. अर्ज लिहिण्याआधी नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत उतरवून घ्या आणि नियमाचा क्रमांक तिच्यातूनच टाका.

वास्तू केंद्र सरकारने संरक्षित केलेली असेल तर तिला १९५८ चा कायदा लागतो. भोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. ठाणे जिल्ह्यातले अंबरनाथचे शिवमंदिर हे याचे ठळक उदाहरण. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे आणि त्यांचे काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. आपल्या गल्लीतला वाडा, शाळा, विहीर, चाळ, प्रार्थनास्थळ यांना यातले काहीच लागू नसते. त्यांचा एकमेव आधार महापालिकेची वारसा यादी आणि विकास आराखडा हाच असतो.

पायरी १: मिळकतीची कागदोपत्री ओळख

घराचे प्रचलित नाव कार्यालयात चालत नाही. तिथे चालतो तो नगर भूमापन क्रमांक. नगर भूमापन कार्यालयातून किंवा ऑनलाइन मिळकत पत्रिका काढा. ज्या भागाचे नगर भूमापन झालेले नाही तिथे सातबारा काढा. महापालिकेच्या करआकारणीचा उतारा सोबत ठेवा. त्यावर बांधकामाचे जुने वर्ष किंवा निदान पहिल्या आकारणीचे वर्ष कधी कधी मिळते.

यानंतर महापालिकेकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. ठाण्यात शहर विकास विभाग, नवी मुंबईत नगररचना विभाग. पनवेल, उरणच्या बाजूला नियोजन प्राधिकरण कोण, हे आधी तपासा. काही भाग पनवेल महापालिकेकडे आहे, काही सिडकोकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज 'संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग' या शेऱ्याखाली फिरत राहतो आणि दरम्यान हरकतीची मुदत संपून जाते.

भाग नकाशा हातात आला की चार गोष्टी पाहा. मिळकत कोणत्या वापर विभागात आहे. ती गावठाण किंवा दाट वस्तीच्या हद्दीत येते का. तिच्यावर आरक्षण आहे का. आणि रस्ता रुंदीकरणाची रेषा तिच्यावरून जाते का. सर्वांत जास्त वेळ चौथ्या गोष्टीवर घालवा.

रस्त्याची रेषा: बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी बाब

रुंदीकरणाने ओटी जाते, पुढचे दोन खण जातात, हे सगळ्यांना दिसते. पण त्या रेषेचा आणखी एक परिणाम असतो, तो निर्देशांकात दडलेला असतो. दाट वस्तीबाहेरच्या भागात महापालिका क्षेत्रात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० आहे. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर गाडी तिथेच थांबते. रस्ता ९ मीटर झाला की अधिमूल्य (जादा शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआरचे, म्हणजे दुसऱ्या जागेवरून हस्तांतरित होणाऱ्या विकास हक्कांचे, ०.४० मिळवता येतात आणि एकूण २.०० होते. त्यावर निवासी वापरात ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (जिना, बाल्कनी अशा भागांसाठीचे जादा) क्षेत्र मिळते.

हिशेब करून पाहा. ४०० चौरस मीटरचा भूखंड आहे. अरुंद गल्लीत ४४० अधिक अनुषंगिक २६४, म्हणजे ७०४ चौरस मीटर बांधकाम. गल्ली ९ मीटर दाखवली की ८०० अधिक ४८०, म्हणजे १,२८० चौरस मीटर. वाडा तोच, मालक तोच, पण नकाशावरच्या एका रेषेने तो पाडणे जवळपास दुप्पट फायद्याचे होऊन बसते. रस्ता १२, १५, २४ मीटर होत गेला की टीडीआरचा वाटा आणखी वाढतो. म्हणून जुन्या गल्लीच्या रुंदीकरणावर घेतलेली हरकत ही अनेकदा यादीतल्या नोंदीइतकीच उपयोगी ठरते. दाट वस्तीत निर्देशांकाचे कोष्टक वेगळे आहे, पण रस्त्याच्या रुंदीचे वजन तिथेही आहेच.

विकास आराखड्याशिवाय महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालीही रस्त्याची 'नियमित रेषा' ठरवता येते. आराखड्यात काही दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बांधकाम विभागाकडे स्वतंत्रपणे विचारा.

पायरी २: यादीत नाव आहे का

महापालिकेकडे तीन गोष्टी लेखी मागा: वारसा वास्तूंची मंजूर किंवा प्रारूप यादी, वारसा संवर्धन समितीच्या नियुक्तीचा आदेश आणि समितीच्या अलीकडच्या बैठकांची इतिवृत्ते. यादी कपाटात आणि समितीची मुदत संपलेली, अशी अवस्था अनेक शहरांत दिसते. इतिवृत्ते पाहिली की समिती जिवंत आहे की नाही ते लगेच कळते. मुदत संपलेली असेल तर पहिला अर्ज समिती पुन्हा नेमण्यासाठी करावा लागतो.

माहिती अधिकारात मागताना महाराष्ट्राचे नियम पाळा. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा. 'वारसाबाबत सर्व माहिती द्यावी' असा अर्ज केला तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असे उत्तर येते. कागदाचे नाव, विभाग आणि कालावधी लिहा. शक्यतो नस्तीची (फाइलची) पाहणीच मागा. नस्तीच्या टिप्पणी पानांवर अधिकाऱ्यांनी काय लिहिले आहे, ते प्रतींपेक्षा जास्त बोलके असते.

मुंबई महानगर प्रदेशातल्या वारसास्थळांच्या नोंदी आणि संवर्धनाचे काम एमएमआरडीएच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एमएमआर हेरिटेज कन्झर्वेशन सोसायटीनेही केले आहे. तिच्या नोंदींत तुमची वास्तू आढळली तर तो चांगला पुरावा आहे. मात्र त्या नोंदीला महापालिकेच्या यादीचे कायदेशीर बळ नाही, हे ध्यानात ठेवा.

श्रेणी समजून घ्या, मगच मागा

पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांत आतबाहेर जवळपास काहीच बदलता येत नाही, मजबुतीसाठी लागेल तेवढेच. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. तिच्यात आतले बदल आणि नवा सुसंगत वापर साधारणपणे चालतो, पण बाहेरच्या रूपावर बारीक नजर असते. तिसरी श्रेणी शहराच्या चेहऱ्याला महत्त्वाच्या वास्तूंची आहे. तिथे आतबाहेर बदल, वाढीव बांधकाम, त्याच आवारात दुसरी इमारत हे सारे मान्य होऊ शकते, फक्त परिसराच्या रूपाशी विसंगत नको.

नव्याने काम करणारे उत्साहात सगळ्यालाच पहिली श्रेणी मागतात. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला, जो आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्याच्यासाठी ती मागणी योग्य आहे. नौपाड्यातल्या दुमजली घरासाठी ती मागितली तर मालक कोर्टात जातो आणि समितीही हात आखडता घेते. तिसऱ्या श्रेणीत टिकलेले घर हे पहिल्या श्रेणीच्या फेटाळलेल्या प्रस्तावापेक्षा कितीतरी बरे.

एकेका वास्तूऐवजी 'वारसा परिसर' मागण्याची सोयही आहे आणि ती फार कमी वापरली जाते. मासुंदा तलावाचा काठ, कौपिनेश्वराचे आवार आणि जांभळी नाक्याकडची बाजारपेठ हे एकमेकांना धरून उभे आहे. टेंभी नाक्याजवळचे १८७९ चे सिनेगॉग आणि आसपासच्या जुन्या वास्तू यांचेही तसेच. परिसर नोंदला गेला की त्यातल्या साध्या घरांची उंची, रस्त्याकडचा दर्शनी भाग आणि जाहिरात फलक यांवरही समितीचे मत घेणे भाग पडते. नैसर्गिक वैशिष्ट्यांची नोंद याच नियमात असल्यामुळे तलावही त्यात बसतात.

पायरी ३: नोंदपत्रक

समितीसमोर प्रस्ताव टिकतो तो नोंदपत्रकावर. चार-पाच पाने पुरतात, पण नेमकी हवीत.

पहिल्या पानावर नगर भूमापन क्रमांक, पत्ता, क्षेत्रफळ, मालकीचा प्रकार, सध्याचा वापर, मजले, बांधकामाचा अंदाजे काळ आणि तो कशावरून ठरवला ते लिहा. 'शंभर वर्षांपूर्वीचे' असे मोघम लिहू नका. 'अमुक सालच्या भूमापन नकाशात याच आकाराची इमारत दाखवली आहे' हे वाक्य जड पडते. जुने भूमापन नकाशे, १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, खरेदीखते, न्यासाची नोंदपत्रे आणि स्थानिक ग्रंथालयांतली जुनी वर्तमानपत्रे ही पुराव्याची ठिकाणे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. शोध तिथून सुरू करा.

मग वास्तूचे वर्णन. इथे डोळे उघडे ठेवून प्रत्येक भाग लिहा. जोते घडीव काळ्या दगडाचे आहे की नंतर सिमेंटने मढवलेले? खांब सागवानी आहेत का, त्यांच्या खाली दगडी उथळे आहेत का, तुळया आणि कडीपाट मूळचे आहेत का? छपराला मंगलोरी कौले असतील तर एक कौल उलटून पाहा. मागच्या बाजूला कारखान्याचा ठसा असतो आणि त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. पण छपरे अनेकदा परतलेली असतात, म्हणून एका कौलावरून सगळ्या घराचे वय ठरवू नका, दहा-बारा कौले वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाहा. खिडक्यांचे गज, सज्जाचे बिडाचे कठडे, कोनाडे, जिना, चौक, विहीर या सगळ्याची 'मूळ', 'दुरुस्त' किंवा 'नवे' अशी वर्गवारी करा. बदल लपवू नका. मालकाच्या वकिलाने सुनावणीत नवा स्लॅब दाखवला आणि तुमच्या पत्रकात त्याचा उल्लेखच नसला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

छायाचित्रे: चारही बाजू, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून दिसणारे रूप, छप्पर आणि प्रत्येक महत्त्वाच्या तपशिलाचा जवळून घेतलेला एक फोटो. तपशिलाच्या फोटोत मोजपट्टी धरा. प्रत्येकावर तारीख आणि दिशा लिहा. पुढे बेकायदा तोडफोड झाली तर 'आधी काय होते' हे दाखवणारा हाच एक पुरावा असतो. आत जायचे तर मालक किंवा भाडेकरूच्या परवानगीनेच जा.

शेवटी महत्त्वाचे निवेदन, दीडशे ते दोनशे शब्दांत. ही वास्तू गेली तर शहरातून नेमके काय जाईल, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिथे द्या. आठवणी आणि विशेषणे बाजूला ठेवा.

पायरी ४: मालक आणि भाडेकरू

प्रस्ताव दाखल करण्याआधी मालकाशी बोला. त्याला नोटीस आल्यावरच सारे कळले तर तो कायमचा विरोधात जातो आणि नोटीस ते अंतिम यादी या काळात घर मुद्दाम उघडे टाकले जाते. दोन पावसाळे कौले काढून ठेवली की सागवानही कुजते.

त्याला तीन गोष्टी कागदावर समजावून सांगा. पहिली, यादीत नाव आल्याने मालकी जात नाही, विक्रीवर बंदी येत नाही. दुसरी, जतनाच्या अटींवर वास्तूचा वापर बदलण्याची सवलत नियमात आहे. घराचे कार्यालय, उपाहारगृह किंवा अतिथीगृह होऊ शकते. तिसरी, समितीच्या अटींमुळे विकास हक्क कमी झाले तर त्या नुकसानीपोटी टीडीआर मिळण्याची तरतूद आहे. तिथेच खरेही सांगा की टीडीआर आपोआप मिळत नाही. त्यासाठी अटींमुळे नुकसान झाल्याचे दाखवावे लागते, नस्ती मंजूर व्हावी लागते, विकास हक्क प्रमाणपत्र निघावे लागते आणि त्याला बाजारात काय भाव मिळेल हे त्या वेळच्या मागणीवर अवलंबून असते. बिल्डरने मालकाला दाखवलेला आकडा अधिमूल्य, टीडीआर आणि अनुषंगिक क्षेत्र धरून असतो, मालकाला मिळणारी भरपाई त्या आकड्याला पुरी पडेलच असे नाही. ही तफावत दडवून मालकाला राजी केले तर तो पुढे फिरतो.

घरात पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांचे म्हणणे वेगळे असते. त्यांना गळकी छपरे आणि सामायिक संडास सोसावे लागत आहेत, आणि नव्या इमारतीतला स्वतःचा फ्लॅट त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ती इच्छा रास्तच आहे. तिसऱ्या श्रेणीत मागच्या बाजूला नवी इमारत आणि पुढे जुना वाडा, असा आराखडा एखाद्या वास्तुविशारदाकडून काढून घेतला तर बोलणे पुढे सरकते. नुसते 'वाडा वाचवा' म्हणून सरकत नाही.

पायरी ५: प्रस्ताव, नोटीस, सुनावणी

अर्ज आयुक्तांच्या नावे करा, प्रत वारसा संवर्धन समितीला आणि सहायक संचालक, नगररचना यांना द्या. टपाल शाखेत देऊन प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. ईमेल जरूर करा, पण शिक्क्याची प्रत हवीच.

यादी आयुक्त समितीच्या सल्ल्याने तयार करतात. ती अंतिम होण्याआधी जाहीर सूचना काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. गटातल्या एकाने रोजचे एक मराठी वर्तमानपत्र आणि महापालिकेचे संकेतस्थळ पाहण्याची जबाबदारी घ्यावी. नोटीस आल्यावर पाठिंब्याची पत्रेही द्या. हरकती नेहमी विरोधकांच्याच असतात आणि समितीपुढे मग एकच बाजू राहते. शंभर जणांच्या सह्यांच्या एका निवेदनापेक्षा निरनिराळ्या मुद्द्यांची दहा पत्रे जास्त उपयोगी पडतात.

विकास आराखड्याचे काम वेगळे आणि मोठे आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकतींची मुदत नोटिशीतच छापलेली असते. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पुढे आराखडा शासनाकडे जातो आणि शासनाने सारभूत बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. एकदा सुनावणी झाली म्हणजे संपले असे नाही. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतो आणि तिथे हरकतीसाठी नोटिशीपासून एक महिना मिळतो. आरक्षण उठवणे, रस्ता रुंद दाखवणे, वापर विभाग बदलणे हे याच कलमातून चालते, म्हणून या नोटिसांवर कायम लक्ष हवे.

हरकत कशी लिहावी, याचा नमुना:

'विकास योजना पत्रक क्र. …, नगर भूमापन क्र. …. प्रस्तावित १२ मीटर रस्त्याची उत्तरेकडची रेषा या मिळकतीच्या ओटीवरून व पुढच्या दोन खणांवरून जाते. मिळकतीवर दगडी जोत्याचे, सागवानी चौकटीचे दुमजली घर असून वारसा यादीसाठी प्रस्ताव आवक क्र. …, दिनांक … अन्वये दाखल आहे. सदर रेषा दक्षिणेकडील मोकळ्या जागेकडे सरकवावी. ते शक्य नसल्यास या मिळकतीपुरती रस्त्याची रुंदी सध्याइतकीच ठेवावी. सोबत: भाग नकाशा, नोंदपत्रक, सहा छायाचित्रे. सुनावणीची संधी मिळावी.'

एका हरकतीत एकच मिळकत, एकच मागणी आणि तिला एक पर्याय. शेवटचे वाक्य विसरू नका. सुनावणीत वेळ मोजकी मिनिटेच मिळते, म्हणून मोठ्या कागदावर रंगवलेला एकच नकाशा न्या.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की त्याचा आणखी एक उपयोग आहे. कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना महापालिकेने प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यातल्या प्रस्तावांचाही विचार करायचा असतो. मंजुरीची वाट न पाहता हा मुद्दा लगेच मांडता येतो.

धोकादायक इमारत: सर्वांत जास्त वास्तू इथून जातात

पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्तीची. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ आणि २६८ च्या नोटिसा निघतात. कलम २६५ (अ) मुळे ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जुने घर सी-१ मध्ये गेले की जिवाचा प्रश्न येतो आणि वारशाची सारी चर्चा मागे पडते.

इथे तांत्रिक चूक वारंवार होते. काँक्रीटसाठी असलेल्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या चुन्याच्या भिंतींवर केल्या जातात, आकडे कमी येतात आणि अहवालात 'आयुष्य संपले' असे लिहिले जाते. चुन्याची भिंत काँक्रीटसारखी कठीण नसतेच, तिची ताकद जाडीत आणि बांधणीत असते. अशा घराच्या तपासणीत भिंतींचा ओळंबा, तड्यांची रुंदी आणि ती वाढते का हे काचेच्या पट्ट्या चिकटवून काही आठवडे पाहणे, भिंतीत रुतलेली तुळयांची टोके, लाकडाचा ओलावा, वाळवी आणि पायाजवळचे पाणी पाहायला हवे. बहुतेक वेळा रोग तुळईच्या टोकाशी असतो. गळक्या पन्हळीचे पाणी भिंतीत मुरते, वरून नंतरच्या दुरुस्तीतले सिमेंटचे प्लास्टर ते बाहेर पडू देत नाही, आणि ठाण्याच्या दमट हवेत लाकूड आतून भुसभुशीत होते. ती टोके बदलणे किंवा त्यांना आधार देणे ही दुरुस्ती आहे. त्यासाठी घर पाडावे लागत नाही.

त्यामुळे यादी निघण्याची वाट न पाहता चुना आणि लाकडाच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून अहवाल करून घ्या. त्यात टेकू, अंदाजे खर्च आणि दुरुस्तीचा क्रम लिहून घ्या. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवण्याची लेखी मागणी करा. घर खरोखर धोक्यात असेल तर मात्र राहणाऱ्यांना आधी बाहेर काढा आणि टेकू लावा. यात तडजोड नाही.

क्लस्टर, सरकारी वास्तू आणि गावठाणे

ठाण्यात समूह पुनर्विकासाचे आराखडे मोठे आहेत. आपली वास्तू त्यांच्या हद्दीत येते का ते नकाशावर पाहा. येत असेल तर योजनेचे प्रारूप असतानाच ती वास्तू जागच्या जागी ठेवून भोवती नियोजन करण्याची मागणी नोंदवा. योजना मंजूर होऊन इरादापत्र निघाल्यावर हे जवळपास अशक्य होते.

वारसा नियम सरकारी मालमत्तेलाही लागतो. सरकारी खात्याला आपल्या जागेवर काही बांधायचे असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाला आधी कळवावे लागते आणि प्राधिकरण आक्षेप घेऊ शकते. १९०१ च्या ठाणे मनोरुग्णालयासारख्या मोठ्या आवारांच्या बाबतीत ही वाट ध्यानात ठेवा. धार्मिक वास्तूंना परंपरेनुसार लागणारे बदल करण्याची मुभा असते, पण ते मूळ रचनेशी जुळणारे हवेत. विश्वस्तांना हे आधी सांगितले की विरोध निम्मा ओसरतो.

नवी मुंबईत बेलापूरचा किल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. खरी पंचाईत गावठाणांची. सिडको १९७० मध्ये आली, भोवती शहर उभे राहिले आणि दिवाळे, करावे, घणसोली, वाशीगाव यांच्या मूळ वस्तीत जुनी कौलारू घरे पाडून दाटीवाटीने इमले चढले. अनेक घरांना मिळकत पत्रिका नाही, त्यामुळे यादीत क्रमांक टाकायलाच अडचण येते. अशा ठिकाणी घराचा महापालिकेचा कर क्रमांक, जीपीएसची अक्षांश-रेखांशाची नोंद आणि गावठाण हद्दीचा भूमापन नकाशा असे तिन्ही द्या. एकेका घराऐवजी मंदिर, तलाव, होळीचे मैदान आणि त्याभोवतीची घरे असा परिसर मागणे इथे जास्त शहाणपणाचे आहे. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर पट्ट्यातल्या अटीही वाचा. उंची किंवा वापरावरची बंधने कधी कधी तिथेच सापडतात.

नोंद झाल्यानंतर

यादीतल्या वास्तूत दुरुस्ती, रंगकाम, भाग बदलणे किंवा पाडकाम यांना आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि आयुक्त समितीचे मत घेतात. एरवी परवानगीशिवाय चालणारी किरकोळ कामेही इथे विचारूनच करायची. हे मालकाला लेखी कळवा. पुष्कळ नुकसान वाईट हेतूने होत नाही. कंत्राटदार चुन्यावर सिमेंट फासतो, कौले काढून पत्रे घालतो, लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवतो.

तोडफोड सुरू झाली तर त्याच दिवशी प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे आणि नगररचना विभागाकडे लेखी तक्रार द्या. तिच्यात यादीतला अनुक्रमांक, आधीचे तारीखवार फोटो, आजचे फोटो आणि 'नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस द्यावी' ही नेमकी मागणी असू द्या. झालेले काम पूर्ववत करण्याची नोटीस त्याच अधिनियमाच्या कलम ५३ खाली निघते. कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. दंडाची रक्कम फारच कमी, २ ते ५ हजार रुपये आहे. म्हणून भर दंडावर न देता काम थांबवण्यावर आणि पूर्ववत करण्यावर द्या. नोटीस निघाली की तिची प्रत मागून घ्या, जागेवर काम थांबले का ते पाहा. थांबले नसेल तर आवक शिक्क्याच्या तक्रारी, नोटिशीची प्रत आणि दोन्ही वेळचे फोटो घेऊन उच्च न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला त्याच आठवड्यात भेटा. तूर्त स्थगिती मागताना न्यायालय पहिला प्रश्न विचारते तो तुम्ही तक्रार कधी केली हा, आणि त्याचे उत्तर त्या शिक्क्यावरच्या तारखेत असते.